चष्म्याचा नंबर कोणीं ठरवावा?

चष्मा ही एके काळीं वार्धक्याची खूण समजली जात असे. आज शाळेच्या बाकाबाकांवर तो दिसतो. त्याबरोबर एक नवी रीतही आली आहे. फोनच्या पडद्यावरील अक्षरें वाचून घरच्या घरीं नंबर काढावयाचा व चष्मा मागवावयाचा. किंवा अंधेरी-घाटकोपरच्या स्टेशनाबाहेर मांडलेल्या चष्म्यांतून जो बरा वाटेल तो उचलावयाचा. ह्यांत वेळ वाचतो, पैसा वाचतो. पण डोळा वाचतो काय?

हॉलंडांतील डॉ. स्नेलेन ह्यांनीं १८६२ सालीं अक्षरांचा प्रसिद्ध तक्ता तयार केला. दृष्टि किती कमी आहे हें तक्ता सांगतो. ती कां कमी आहे, हें तो सांगत नाहीं. शिवाय मुलांच्या डोळ्यांतील भिंग लवचिक असतें. आंतील स्नायूंच्या जोरावर तें आकार पालटून दोष झांकतें. म्हणून मुलानें स्वतःच निवडलेला उणे नंबर पुष्कळदां खऱ्याहून अधिक निघतो. जाणता परीक्षक औषधाचे थेंब घालून तो स्नायु सैल करतो आणि डोळ्यांत प्रकाश टाकून, मुलास एकही प्रश्न न विचारतां, नंबर मोजतो. हें काम फोनच्या पडद्यावरील अक्षरांनीं होत नाहीं.

एक डोळा अधू असला तर दुसरा त्याचें काम निमूटपणें करतो व घरांत कोणास पत्ताही लागत नाहीं. लहानपणींच उपाय न झाल्यास अशा डोळ्यास पुढें चष्म्यानेंही पुरतें दिसत नाहीं. पालकांनींही सावध असावें. चाळिशी लावून वर्तमानपत्र वाचतां आलें, म्हणजे डोळे निरोगी ठरले असें नव्हे. काचबिंदु बहुधा न दुखतां बाजूची दृष्टि हिरावून नेतो, आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं.

मग घरची परीक्षा व्यर्थ काय? मुळींच नाहीं. एकेक डोळा आळीपाळीनें झांकून भिंतीवरील दिनदर्शिका मुलाकडून अवश्य वाचवावी. तिनें शंका उत्पन्न व्हावी. निर्णय मात्र नेत्रवैद्यानें किंवा शिकलेल्या ऑप्टोमेट्रिस्टानें द्यावा. खर्चाची अडचण असेल त्यांस विलेपार्ल्याचें कूपर, घाटकोपरचें राजावाडी अशीं म्युनिसिपल इस्पितळें जवळच आहेत. डॉ. वानलेस ह्यांनीं १८९४ सालीं मिरजेस मिशन इस्पितळ उघडलें, तेव्हां मोतीबिंदूचे रोगी दूरदूरच्या गांवांहून तेथें येत. आपणांस तर दोन स्टेशनें ओलांडावयाचीं आहेत. पुस्तकें दर वर्षीं नवीं मिळतात. डोळे एकदांच मिळतात. त्यांच्यासाठीं वर्षांतून एक सकाळ देणें कोणासही जड जाऊं नये.