भाड्याची थार घेताना

हैदराबादच्या अफझलगंजात, उस्मानिया रुग्णालय आणि नयापुलाच्या गर्दीत भाड्याची थार ताब्यात घेणारे बहुतेक जण रंग, स्पीकर आणि डिझेलचा काटा बघतात. अनंतगिरीच्या डोंगरातल्या चिखलात यातलं फक्त डिझेल उपयोगी पडतं. आधी नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला दिलेल्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी असतात. पांढरी दिसली तर गाडी खासगी, आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करू शकते. मग चारही चाकांना ताकद देणारा लिव्हर आहे का बघा. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर चालणारीही मिळते, म्हणजे रुबाब तोच, पण चिखलात दोन चाकांचाच जोर! लिव्हर असेल तर तो टाकून बघा, मात्र कोरड्या डांबरावर वळणं घेत नव्हे, मोकळ्या मातीत; नाहीतर यंत्रणेवर फुकट ताण येतो. खाली वाकून (अफझलगंजात वाकायला जागा मिळाली तर) डिफरन्शियलपाशी तेलाचे ओघळ आणि ताजे ओरखडे शोधा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, म्हातारं रबर दगडावर दगा देतं. स्टेपनीत हवा, जॅक, पाना, कागदपत्रं हेही बघाच. शेवटी मालकासमोर, किलोमीटरच्या आकड्यासकट, गाडीच्या पोटाखालचाही व्हिडिओ काढा. त्यावर मालक नाराज होत असेल, तर अनामत खिशात ठेवा आणि दुसरी गाडी बघा.