चित्रकार आणि विद्यावाचस्पती

चित्रकाराने विद्यावाचस्पती व्हावे की न व्हावे, हा वाद आता वाद म्हणून उरलेला नाही. विद्यापीठांनी त्याचा निकाल परस्पर लावून टाकला आहे. ज्याला कलाशाळेत वरच्या पायरीवर जावयाचे असेल त्याने प्रबंध लिहावा, आणि ज्याला तो लिहावयाचा नसेल त्याने आपले कुंचले सांभाळीत खालच्या पायरीवर स्वस्थ बसावे, असा तो निकाल आहे. आमची तक्रार प्रबंधाविषयी नाही. चित्रकलेत संशोधन व्हावे, ते विद्यापीठात व्हावे आणि त्याला इतर विद्यांच्या बरोबरीचा मान मिळावा, असेच आम्हांला वाटते. तक्रार आहे ती एका समजुतीविषयी. संशोधन म्हणजे लेखन, आणि लेखन म्हणजे दुसऱ्यांनी जे लिहिले त्यावरचे लेखन, ही ती समजूत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती कदाचित पेलत असेल. चित्रकाराच्या मात्र गळ्याशी येते.

दृश्यकलेतील जे प्रबंध आमच्या पाहण्यात आले, त्यांचा साचा बहुधा एकच. पहिले प्रकरण कलेच्या व्याख्यांचे. दुसऱ्यात युरोपातील विचारवंतांची रांग, आणि प्रत्येकापुढे एक एक अवतरण वाहिलेले. तिसऱ्यात सिंधू संस्कृतीपासून आजपर्यंतचा भारतीय कलेचा धावता इतिहास. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतो. आणि चौथ्यात, पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर घरची माणसे पानावर बसावीत तशी, संशोधकाची स्वतःची चित्रे येतात. तीही पंधरावीस पानांत, आणि ‘प्रस्तुत संशोधकाने’ असा स्वतःचा तृतीयपुरुषी उल्लेख करीत. एका प्रबंधाचा विषय रंगसंगती हा होता, आणि त्यातील चित्रांच्या प्रतिकृती तळहाताएवढ्या, काळ्या-करड्या छपाईतल्या होत्या. परीक्षकांनी त्यावर हरकत घेतल्याचे आमच्या कानी आले नाही; संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांवर मात्र घेतली होती.

विद्यार्थ्यांनी हा साचा हौसेने पत्करलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठीही पीएच. डी. अनिवार्य करण्याचे ठरविले आणि त्यासाठी जुलै २०२१ ही मुदत घातली; पुढे ती २०२३ पर्यंत लांबली, आणि २०२३ साली अटच काढून टाकण्यात आली. मधल्या पाच वर्षांत केवळ ह्या अटीच्या धाकाने ज्या चित्रकारांनी नावे नोंदविली, त्यांची वर्षे कोणी परत करणार नाही. त्याच २०१८ च्या नियमावलीने संगीत, नाट्य, दृश्यकला अशा विषयांपुरती एक निराळी वाटही ठेवली: मान्यता पावलेल्या व्यावसायिक कलावंताला प्रबंधाशिवायही शिक्षक म्हणून घेता यावे. ही वाट ठेवणाऱ्यांना धन्यवाद दिले पाहिजेत. परंतु २०२२ चे पीएच. डी.चे नियम पाहावेत, तर मार्गदर्शक होण्यासाठी स्वतः पीएच. डी. असणे आवश्यक, शिवाय ठरावीक संख्येने शोधनिबंध छापलेले असणे आवश्यक. म्हणजे थोर चित्रकाराला विद्यापीठाच्या दारातून आत घ्यावयाचे, मुलांना चित्र काढावयास शिकवू द्यावयाचे, आणि चित्रकलेतील संशोधनाची गोष्ट निघाली की त्याला ओसरीवर बसवावयाचे!

ह्या न्यायाने बडोद्याचे काय झाले असते ते पाहा. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी त्याची ललितकला विद्याशाखा सुरू झाली. चित्रकलेला विद्यापीठाच्या पदवीत बसविण्याचा आपल्या देशातील हा अगदी आरंभीचा प्रयत्न. तेथे चित्रकला शिकवावयास आले नारायण श्रीधर बेंद्रे. इंदूरचे, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले. शिल्पकला शंखो चौधुरींकडे होती. १९५१ पासून के. जी. सुब्रमण्यन आले. यांपैकी एकानेही प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली नव्हती. सुब्रमण्यन यांनी भाजलेल्या मातीच्या फरशांवर, काचेच्या पाठीमागून रंगविलेल्या चित्रांत, विणकामात, मुलांच्या खेळण्यांत जन्मभर जे शोधले त्याला संशोधन म्हणावयाचे नसेल, तर त्या शब्दाचा आम्हांला उपयोग नाही. आणि तरीही २०२२ च्या नियमाने ह्या तिघांपैकी कोणालाही आपल्याच विद्याशाखेत एकाही विद्यार्थ्याचा मार्गदर्शक होता आले नसते.

हाताने केलेला शोध ज्ञानाच्या पदवीस पोहोचतो की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच भूमीत दीडशे वर्षांपूर्वी मिळू लागले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ साली लंडनमध्ये आगीत गेल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. नकला करणाऱ्यांनी चित्रे उजळावीत म्हणून वार्निश फासले आणि त्याने भिंतींचे नुकसान झाले, हेही येथे सांगितले पाहिजे. संशोधनात चुका होतात. ग्रंथालयातल्या संशोधनातही होतात, फक्त तेथे भिंत काळवंडत नाही.

पुढे १९०९ पासून लेडी हेरिंगहॅम यांनी अजिंठ्यात पुन्हा नकलांचे काम काढले, आणि त्यासाठी कलकत्त्याहून जे तरुण आले त्यांत नंदलाल बोस होते. नक्कल हा शब्द आपल्याकडे हलका झालेला आहे. वस्तुतः पुसट झालेल्या भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला रेषा कोठून निघाली, कोठे जाड झाली आणि कोठे थांबली, हे दर बोटाला ठरवावे लागते. वर्णन लिहिणारा ‘हा भाग अस्पष्ट आहे’ असे लिहून पुढे जातो. नकलाकाराला ती सवलत नाही. त्याला मत द्यावेच लागते, आणि ते मत दुसरा नकलाकार त्याच भिंतीसमोर उभा राहून तपासू शकतो. १९२१ साली नंदलाल असित हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांच्यासह तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातील बाघ लेण्यांत हेच काम करावयास गेले. आणि ह्या साऱ्या अभ्यासाचे फळ कोठे दिसते? बडोद्याच्या कीर्तिमंदिरात. गायकवाडांच्या ह्या स्मारकाच्या चार भिंती नंदलालांनी १९३९ पासून १९४६ पर्यंत रंगविल्या: गंगावतरण, मीरेचे चरित्र, नटीर पूजा आणि महाभारताचे युद्ध. अजिंठा, बाघ, कीर्तिमंदिर. मूळ सामग्रीचे परीक्षण, दुसऱ्या ठिकाणी पडताळा, आणि त्यातून निघालेली नवी सिद्धता. रसायनशास्त्राच्या प्रबंधात याहून निराळे काय असते? छत्तीस-सदतीस वर्षांचा हा प्रबंध आहे, आणि त्याला कोणी पदवी दिली नाही म्हणून तो कमी ठरत नाही. पण त्याच्याकडे पाहूनही ज्यांना चित्रकाराचे संशोधन म्हणजे चार प्रकरणे आणि संदर्भसूची एवढेच सुचते, त्यांची दृष्टी कमी ठरते.

यावर आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. चित्रच प्रबंध मानले, तर दर वर्षीचे प्रत्येक प्रदर्शन पदवी मागावयास येईल. परीक्षक काय तपासणार, आवड की नावड? आम्ही म्हणतो, प्रत्येक प्रदर्शन हा शोध नव्हे, आणि बहुतेक प्रदर्शने नसतातच. ज्यात आधी प्रश्न नव्हता, वाटेत नोंदी ठेवल्या नाहीत आणि फसलेले प्रयत्न लपविले, ते काम कितीही देखणे असो, परत करावे. पण हे तपासण्यासाठी परीक्षकाला चित्रासमोर बसावे लागेल, तासभर नव्हे तर दोन-तीन दिवस. आजच्या व्यवस्थेत टपालाने आलेला ग्रंथ चाळणे सोयीचे पडते, हे आक्षेपाचे खरे मूळ आहे असा आम्हांला संशय आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही थोडे बोलले पाहिजे. चित्रकाराने लिहू नये, त्याचे चित्र बोलते, असे म्हणत प्रत्येक प्रश्न टाळणारा एक वर्ग आमच्या कलाशाळांत आहे. हा आळस आहे. त्याला मौनाचा भरजरी शेला पांघरू नये. सुब्रमण्यन यांनी हातातले काम न सोडता इंग्रजीत ग्रंथ लिहिले. मराठीत द. ग. गोडसे यांचे ‘पोत’ १९६३ सालचे. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ १९९० सालचे. रंगवणारा माणूस रिकाम्या पृष्ठभागाशी कसा झगडतो आणि वस्तू चित्रात येताना तिचे काय होते, हे बरव्यांनी मराठीत सांगितले, आणि साहित्याच्या वाचकालाही ते कळले. असे लेखन शंभर पानांचे असले तरी पुरे. ते चित्राच्या बाजूला असावे, छाताडावर नव्हे.

भाषेचा मुद्दा ह्याच ओघात येतो. दृश्यकलेचा प्रबंध इंग्रजीतच व्हावयाचा, असा जणू अलिखित संकेत पडून गेला आहे. ज्या मुलाने हिंगूळ, हरताळ, गेरू, काजळी हे शब्द खलासमोर बसून शिकले, गिलावा घोटताना हाताखाली तो केव्हा थंड लागतो हे ज्याला मराठीत कळते, त्याला ते इंग्रजीत सांगावयास लावले की अनुभव गळून पडतो आणि परिभाषा उरते. आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना ह्या शब्दांची ओढ जास्त, कारण ते येथे आधी हरवतात.

परदेशांचे दाखले आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण ते ज्याला हवे तसे मिळतात. १९७७ साली अमेरिकेतील कॉलेज आर्ट असोसिएशनने एम. एफ. ए. हीच चित्रकाराची शेवटची पदवी मानली. त्याच वर्षी टोकियोच्या कलाविद्यापीठाने डॉक्टरेटचा अभ्यासक्रम काढला. इंग्लंडात १९९२ नंतर कलाशाळा विद्यापीठांच्या पंखाखाली आल्यावर कृतीतून होणाऱ्या संशोधनाची चर्चा वाढली. आपण यांपैकी कोणाचेही अनुकरण करण्याचे कारण नाही; निदान निर्णय आपल्या भिंती पाहून घ्यावा.

आणि भिंती आहेत. बडोद्याच्या रावपुऱ्यात तांबेकर वाडा उभा आहे. १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा. आतल्या भिंती एकोणिसाव्या शतकातील चित्रांनी भरलेल्या आहेत. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, इंग्रज-मराठ्यांची लढाईही आहे. त्याच शहरात ललितकला विद्याशाखा आहे, त्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवले जाते. एका चित्रकाराने ह्या वाड्यातील एकच दालन घ्यावे. तेथील रेषेची नक्कल करावी, रंगांचे पृथक्करण करवून घ्यावे, गिलाव्याचे थर स्वतः दुसऱ्या फळीवर घालून पाहावेत, जे जमले नाही ते लिहून ठेवावे, आणि शेवटी ह्या सर्वांतून आपले स्वतःचे एक भित्तिचित्र उभे करावे. मार्गदर्शक दोन असावेत. एक चित्रकार, पदवी असो वा नसो, आणि दुसरा इतिहासाचा जाणकार. टिपण मराठीत किंवा गुजरातीत लिहू द्यावे. परीक्षकांनी वाड्याचा जिना चढावा आणि तोंडी परीक्षा भिंतीसमोरच घ्यावी. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तेव्हा परवानगी लागेल; ती मागणारे पत्र विद्यापीठाने लिहावे, विद्यार्थ्याला खेटे घालावयास लावू नये.