गेम अडखळतोय? आधी सेव्ह जपा, मग दुरुस्ती करा

धाराशिवचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात आणि हातातल्या कन्सोलवर मुलांचा वेळ वाढतो. नेमक्या याच दिवसांत गेम अडखळतो, चित्र थांबत-थांबत सरकते, यंत्र तापते. मग कुणीतरी सुचवतो, ‘फॉरमॅट मारा, सोबत शंभर गेम फुकट टाकून घ्या.’ हा सल्ला दोन्ही बाजूंनी महागात पडतो. कित्येक महिन्यांची प्रगती पुसली जाते आणि घरात बेकायदा प्रती येतात.

गेम का अडखळतो?

पहिले कारण उष्णता. निन्टेन्डो स्विच ५ ते ३५ अंश तापमानात वापरावा, असे कंपनीच सांगते. म्हणजे आपल्याकडची मे महिन्याची दुपार त्या मर्यादेबाहेरची. हवा बाहेर पडण्याची जाळी उशी-गादीवर दाबली जात असेल, तर त्रास आणखी वाढतो.

दुसरे कारण मेमरी कार्ड. स्वस्त किंवा बनावट कार्ड हळू वाचते. असा गेम कार्डावरून काढून कन्सोलच्या अंतर्गत मेमरीत उतरवून पाहावा. थोडी जागा नेहमी रिकामी ठेवावी.

तिसरे कारण खुद्द गेम. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेले ‘पोकेमॉन स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ इतके अडखळत होते की, पुढच्याच महिन्यात कंपनीला अपडेट देताना दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०२५ मध्ये नव्या स्विच २ साठी मोफत अपडेट आल्यावर त्या यंत्रावर ते सुरळीत चालू लागले. म्हणून आधी गेमचे आणि कन्सोलचे अपडेट तपासावे, दुकान नंतर गाठावे.

सेव्ह नेमका कुठे असतो?

गोंधळ इथेच होतो. स्विचमध्ये सेव्ह गेमच्या कार्ट्रिजवरही नसतो आणि मेमरी कार्डावरही नसतो. तो यंत्राच्या आत असतो. यंत्र गेले की सेव्ह गेला. क्लाउड बॅकअपसाठी सशुल्क सदस्यत्व लागते आणि ‘पोकेमॉन स्वोर्ड’, ‘शील्ड’सारख्या काही गेमना ती सोयही नाही. दुसऱ्या स्विचवर सेव्ह हलवता येतो. मात्र तो पहिल्यावरून निघून जातो, दुसरी प्रत उरत नाही. रीसेट करणे भागच असेल, तर मेंटेनन्स मोडमध्ये सेव्ह न पुसता रीसेट करण्याचा पर्याय आहे. दुकानदाराला तोच वापरायला सांगावे.

जुना सोनी पीएसपी याबाबतीत सोपा. त्याचे सेव्ह मेमरी स्टिकवर ‘सेव्हडेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. यूएसबी वायरने ते संगणकावर उतरवले की काम झाले.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार, संगणक प्रणालीची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून तात्पुरती बॅकअप प्रत करता येते. ही मुभा स्वतःच्या वापरापुरती आहे; मित्राला वाटण्यासाठी किंवा विकण्यासाठी नाही. हक्कभंगाच्या हेतूने गेमचे संरक्षक कुलूप तोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ खाली गुन्हा असून, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या परक्या फायलीला ‘बॅकअप’ म्हटल्याने ती बॅकअप ठरत नाही.

पण जबाबदारी एकट्या ग्राहकाची नाही. पैसे मोजून घेतलेल्या गेममधली आपलीच प्रगती जपायला दरवर्षी पुन्हा पैसे मोजावे लागणे पटणारे नाही. भारतात निन्टेन्डोची अधिकृत विक्री नसल्याने कळंब-उमरग्याच्या ग्राहकाला दुरुस्तीसाठी हक्काचे दारही नाही. सेव्ह साध्या मेमरी कार्डावर उतरवण्याची मोफत सोय कंपन्यांनी दिली, तर ‘फुकट शंभर गेम’वाल्यांकडे जाण्याचे निम्मे कारण संपेल. तोवर पालकांनी कन्सोल कुणाच्याही हाती देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: सेव्हची दुसरी प्रत कुठे आहे?