बातमीची पत

दहा रुपयांचे नाणे खोटे आहे, असे मराठवाड्यात पहिल्यांदा कोण म्हणाले ते कोणालाच ठाऊक नाही. तरीही २०१६ नंतरची काही वर्षे जालन्याच्या मोंढ्यापासून अंबडकडच्या आठवडी बाजारापर्यंत अनेक जण ते नाणे हातात धरीनात. पंधरा रेघांचे खोटे आणि दहा रेघांचे खरे, असा निवाडाही लोकांनी परस्पर करून टाकला होता. वास्तविक २०१० मध्ये रुपयाला नवे चिन्ह मिळाले आणि त्यानंतर नाण्याची घडण बदलली, एवढाच त्या रेघांचा अर्थ. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा केला. १७ जानेवारी २०१८ रोजी तर चौदाही प्रकारची नाणी वैध असल्याचे पुन्हा जाहीर केले. वर्तमानपत्रांनी ते छापले. पण बाजार ऐकेना.

मी तेव्हा बँकेच्या नोकरीत होतो. खुलाशाचा कागद शाखेच्या भिंतीवर चिकटवलेला असे. भाजी विकणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "सायब, तुमचं खरं असंल. पन म्या घेतलं अन् फुडच्यानं नाई घेतलं तं?"

या प्रश्नात शहाणपण आहे. अफवा पटली म्हणूनच माणूस तिच्यामागे जातो असे नाही. शेजाऱ्याला ती पटली असेल, या धास्तीनेही जातो. बँकेच्या दारात ठेवीदारांची रांग लागते तीही अशीच. अशा वेळी रांग मोडते ती ज्याची पत शिल्लक आहे, त्याच्या शब्दाने. वर्तमानपत्राच्या शब्दाला ती पत का उरली नाही, हा खरा प्रश्न आहे.

'लोक अडाणी आहेत' हे त्याचे सोपे उत्तर झाले. नोटबंदीनंतर दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी तिचा ठावठिकाणा लागतो, ही कथा काही पारावर बसलेल्यांनीच सांगितली नव्हती; मोठ्या हिंदी वृत्तवाहिन्यांनीही ती रंगवून सांगितली होती. त्याआधी २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यात एकाच नेत्याची स्तुती करणारे, शब्दाला शब्द जुळणारे लेख प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांत वेगवेगळ्या नावांनी प्रसिद्ध झाले. ते पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी पोचला. प्रेस कौन्सिलच्या दोघा सदस्यांनी या प्रकाराचा सविस्तर अहवाल लिहिला. २०१० मध्ये कौन्सिलने मात्र त्याची आटोपशीर आवृत्तीच पुढे केली. मूळ अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. खात्यातून अशी उचल होत राहिली, तर शिल्लक कुठून राहणार?

मात्र बँकेतल्या नोकरीने मला आणखी एक गोष्ट शिकवली. बँकेवरून मन उडालेला माणूस सगळ्यांवरच अविश्वास दाखवतो असे नाही. तो पैसे काढतो आणि दामदुप्पट देणाऱ्याकडे नेऊन ठेवतो. आम्हाला दहा प्रश्न विचारणारा तिथे पावतीदेखील मागत नाही. बातमीचेही तसेच होते. 'पेपरवाले विकले गेलेत' असे म्हणणारा माणूस कोणी लिहिले, कधी लिहिले याचा पत्ता नसलेला मजकूर डोळे मिटून पुढे ढकलतो. 'हे तुम्हाला कोणी सांगणार नाही' एवढ्या एका वाक्यावर त्याचे समाधान होते.

नाण्याच्या अफवेत नुकसान दहा रुपयांचे होते. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. मुले पळवणाऱ्यांची म्हणून त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीत पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. तिचा खुलाशाचा शेवट तेवढा कोणीतरी कापला होता.

यावर उपाय काय? वर्तमानपत्रांपुरते बोलायचे, तर चूक पहिल्या पानावर झाली असेल तर दुरुस्तीही पहिल्याच पानावर हवी, आतल्या कोपऱ्यात नव्हे. आणि पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द ठळक हवा. रोख कमी भरली तर रोखपाल त्याच संध्याकाळी हिशेब देतो. संपादकाने तेवढे करायला हरकत नसावी.

वाचकाचे कामही फारसे अवघड नाही. सही नसलेला धनादेश आपण घेत नाही. मग सही नसलेली बातमी का घ्यावी? कोणी सांगितले, कुठले, केव्हाचे, एवढे तीन प्रश्न घरातल्या थोरांनी फोन पाहताना मोठ्याने विचारावेत. शेजारी बसलेली नातवंडे ते ऐकत असतात. उद्याच्या बाजारात कोणते नाणे घ्यायचे आणि कोणते परत करायचे, हे तीच ठरवणार आहेत.