हप्ता सातबाऱ्यालाच?

‘पीएम किसान’चे वर्षाला 6,000 आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे 6,000 असे 12,000 रुपये महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या खात्यात थेट जमा होतात. मध्ये कुणी दलाल नाही, हे चांगलेच आहे. मात्र हे पैसे शेत कसणाऱ्याला मिळत नाहीत, सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतात. यवतमाळ, नांदेड, बीडच्या कितीतरी गावांत ही दोन माणसे वेगळी असतात.

विदर्भात ठोक्याने, मराठवाड्यात बटईने, पश्चिम महाराष्ट्रात खंडाने शेती करणाऱ्यांचे हाल सारखेच आहेत. पाडव्याच्या सुमारास तोंडी बोलणी होतात. ठोक्याची रक्कम बहुधा पेरणीआधीच मोजावी लागते आणि ती अनेकदा सावकाराकडून उचललेली असते. कागद होत नाही. पुढे बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी सगळे कसणाऱ्याच्याच अंगावर. 2,000 रुपयांच्या एका हप्त्यात बीटी कपाशीची दोन पाकिटे येतात. 2025 च्या हंगामात एका पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. ती दोन पाकिटे उधारीवर आणून पेरायची याने, आणि हप्ता जायचा गाव सोडून शहरात स्थायिक झालेल्या मालकाच्या खात्यात.

पीककर्ज, अतिवृष्टीची मदत यांचीही हीच गत. आता योजनांसाठी सक्तीचा झालेला शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीवरूनच मिळतो. याहून क्रूर गोष्ट म्हणजे अशा शेतकऱ्याने आत्महत्या केली आणि कुटुंबात कुणाच्याच नावे जमीन नसली, तर ते प्रकरण मदतीसाठी अपात्र ठरते. मेल्यावरही सरकार त्याला शेतकरी मानत नाही.

मालक कागद करून देत नाहीत, कारण कूळ लागेल ही धास्ती. 1948 च्या कूळ कायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने लाखो कुळांना जमिनीचे मालक केले. ते काम मोठेच होते. पण त्या भीतीपायी आजचा ठोकेवाला कुठल्याच दप्तरात नाही. नीती आयोगाने 2016 मध्येच नमुना कायदा मांडला होता: मालकी शाबूत ठेवून भाडेपट्टा कायदेशीर करा. ओडिशाने ‘कालिया’ योजनेत बटईदार आणि भूमिहीन शेतमजूरही घेतले. आंध्र प्रदेशाने 2019 च्या कायद्याने कसणाऱ्याला 11 महिन्यांचे कार्ड दिले. मात्र त्यावर मालकाची सही हवी, या अटीपायी अनेक जण बाहेरच राहिले. अमेरिकेत पिकांच्या भाव-अनुदानाचे पैसे कौंटीच्या कृषी कार्यालयातून दिले जातात. तिथे जमीन रोख खंडाने दिली असेल तर ते कसणाऱ्याला मिळतात, कारण जोखीम त्याची असते.

महाराष्ट्राने आंध्रची चूक टाळावी. मालकाच्या सहीची अट न घालता, शेजारच्या बांधकऱ्यांच्या साक्षीने ग्रामसभेत एका हंगामापुरती नोंद करावी आणि त्या नोंदीने जमिनीवर कसलाही हक्क लागत नाही, हे कायद्यातच लिहावे. हप्ता, विमा आणि नुकसानभरपाई त्या नोंदीवर द्यावी. येत्या खरिपाच्या पेरणीआधी सरकारने एवढे करावेच.