तिचे पंधराशे तिच्याच मुलाच्या शिष्यवृत्तीतून?

अर्थसंकल्पाच्या भाषणात फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव हमखास येते. नाव घ्यायला पैसा लागत नाही. पैसा लागतो तो वसतिगृहाला, शिष्यवृत्तीला, वस्तीतल्या गटाराला. आणि त्या पैशाचे काय होते, हे मे २०२५ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. लाडकी बहीण योजनेचा हप्ता भागविण्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळविण्यात आले. विरोधकांचे सोडाच, खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर संताप व्यक्त केला. खात्याची गरज नसेल तर ते बंदच करा, असे ते म्हणाले.

सरकारी बाजूचा युक्तिवाद असा की, हा पैसा अनुसूचित जाती-जमातींच्या बहिणींनाच दिला. मग वळविला कुठे? ऐकायला सोज्वळ वाटणारा हा युक्तिवाद नीट तपासला पाहिजे. दलित बहिणीला पंधराशे रुपये मिळाले ते दलित म्हणून नव्हे, या राज्यातील एक गरीब महिला म्हणून. तिच्या शेजारणीला मिळाले तेवढेच. मग शेजारणीचे पैसे सर्वसाधारण तिजोरीतून आणि हिचे मात्र तिच्याच मुलाच्या शिष्यवृत्तीच्या खात्यातून, हा कुठला न्याय? पंधराशे रुपयांना आमचा विरोध नाही. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, तिथे त्या रकमेचे मोल आम्हाला कुणी शिकवू नये. प्रश्न आहे तो ती कुणाच्या वाट्यातून दिली याचा.

हा वाटा म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. आदिवासी उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेत आली, तर अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० मध्ये. तत्त्व साधे होते : लोकसंख्येत जेवढे प्रमाण, योजनेच्या पैशात तेवढा वाटा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. हा निधी अन्यत्र वळवू नये व व्यपगत होऊ देऊ नये, असे नियोजन आयोगाने लेखी बजावले होते. पुढे आयोगच गेला, २०१७-१८ पासून योजना व योजनेतर खर्चाचा भेदही गेला. राहिले काय? हिशेबाच्या वहीतले ७८९ क्रमांकाचे एक शीर्ष. त्याखाली काहीही दाखवावे आणि टक्केवारी पूर्ण झाली म्हणावे!

ही चलाखी एका पक्षाची किंवा एका राज्याची नाही. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांसाठी विशेष घटक योजनेचे ६७८ कोटींहून अधिक रुपये चुकीने वळविले गेल्याची कबुली तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांना संसदेत द्यावी लागली होती. दलितांच्या नावाचा पैसा आणि त्यातून खेळांचा झगमगाट!

इकडे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा २०१३ मध्ये अडीच लाख ठरली आणि दहा वर्षे उलटली तरी ती तिथेच राहिली. त्या काळात महागाई थांबली नव्हती. फी सरकारकडून आली नाही म्हणून महाविद्यालयाने गुणपत्रिका अडवून ठेवली, अशी तक्रार घेऊन पालक माझ्यासारख्या वकिलाकडे येतात. नोटीस पाठविता येते. पण मुलाचे प्रवेशाचे वर्ष नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत नाही.

मार्गदर्शक सूचना मोडली म्हणून सरकारला न्यायालयात खेचणे अवघड जाते. अनुच्छेद ४६ आपल्या बाजूने आहे, परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत मोडतो. म्हणून कायदाच हवा. आंध्र प्रदेशने २०१३ मध्ये तो केला, त्याच वर्षी कर्नाटकनेही केला. महाराष्ट्रात २०२५ चा हा वाद पेटला तेव्हा असा कायदा नव्हता. पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्याची ही तऱ्हा!

मात्र नुसत्या कायद्याच्या नावावर भुलू नका. कर्नाटकच्या कायद्यात ७-ड ही पळवाट होती. सर्वसाधारण कामातला काही खर्च दलितांवर झाला असे मानून घेण्याची सोय. २०२३ मध्ये ते कलम रद्द झाले, पण त्याच वर्षी तिथल्या सरकारने आपल्या 'गॅरंटी' योजनांसाठी याच निधीतील ११ हजार कोटींहून अधिक रक्कम धरली. तेव्हा महाराष्ट्राच्या कायद्यात तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहून घ्याव्या लागतील. सर्वांसाठीच्या योजनेचा खर्च या वाट्यात मोजता येणार नाही; ३१ मार्चला न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षीच्या वाट्यात जमा होईल; आणि वळविणाऱ्या अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी राहील. तिसऱ्या कलमाला सर्वाधिक विरोध होईल, हे आताच सांगून ठेवतो.

विधानसभेत अनुसूचित जातींसाठी राखीव अशा २९ जागा आहेत. जयंतीच्या मंचावर हार स्वीकारायला हे आमदार येतात, तेव्हा त्यांना विचारा : ४१० कोटी ३० लाख गेले त्या दिवशी आपण सभागृहात काय बोललात? आणि बोलला असाल, तर ते पैसे परत आले का?