किल्ल्याची चोरवाट

दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या इमारतीच्या मागल्या अंगणात विटा, गोणपाटे आणि लाल माती यांची जमवाजमव सुरू होते. गेली कित्येक वर्षे तिथल्या किल्ल्याचे मुख्य कारागीर आमचे चिरंजीव असत. यंदा मात्र स्वारी खोलीचे दार लावून जुन्या लॅपटॉपपुढे बसलेली. वय वर्षे सतरा. "किल्ला करायचा नाही का रे?" असे विचारले, तर उत्तर आले, "किल्ल्याचेच काम चाललेय, बाबा. फक्त बांधायचे नाही, फोडायचे!"

मी मराठीचा मास्तर. काली म्हटले की मला देवी आठवते. इथे पडद्यावर होती 'काली लिनक्स'. पूर्वीच्या 'बॅकट्रॅक'ची ही वारसदार, मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली. मग चिरंजीवांनी माझा वर्ग घेतला. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. पण काही कारभारी मुळातच सावध. 'ओपनबीएसडी'ची मंडळी १९९६ पासून आपल्याच तटाची वीट न् वीट ठोकून पाहत आली आहेत. 'क्यूब्ज' संगणकाचे वेगळाले कप्पे पाडते, म्हणजे माची पडली तरी बालेकिल्ला शाबूत राहावा. 'टेल्स' पेन ड्राइव्हवरून चालते आणि संगणक बंद होताच, आपण मुद्दाम राखून ठेवले नसेल ते सारे, पाटी पुसावी तसे विसरून जाते.

"आणि ही तुझी काली कुठला किल्ला?"

"काली किल्ला नव्हेच. ही किल्ला तपासणाऱ्याची हत्यारांची पेटी. तिचे कर्तेच सांगतात, की लिनक्समध्ये नवख्या असलेल्या माणसाने हिच्यापासून सुरुवात करू नये."

"मग तू?"

चिरंजीव गालात हसले. बोलता बोलता त्यांनी सांगून टाकले, की शेजारच्या नानांचे वायफाय त्यांनी परवाच उघडले. पासवर्ड होता नानांचा स्वतःचाच मोबाइल नंबर! "काही घेतले नाही हं, बाबा. नुसते दार ढकलून पाहिले."

मला हसू येईना. नानांच्या मांडीवर हा पोरगा वाढलेला. आपल्याकडच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३ आहे. मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात किंवा जाळ्यात शिरले, की भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिक हेतूने केले, की कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमेरिकेत १९८८ साली रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक प्रयोग म्हणून स्वतःची नक्कल करीत पसरणारा प्रोग्रॅम सोडला. तोही लोकांचे सोपे पासवर्ड ओळखत हिंडे. हजारो संगणक ठप्प झाले. पुढे हा गृहस्थ नामवंत प्राध्यापक झाला हे खरे, पण त्याआधी गुन्हेगार म्हणून न्यायालयात उभा राहिला.

कायद्याने मुलगा गप्प झाला. पण पटले असे दिसेना. मग मी माझ्या प्रांतात शिरलो. रायगडाची एक आख्यायिका आहे. गड बांधून झाल्यावर महाराजांनी दवंडी पिटवली, की दरवाजा सोडून दुसऱ्या वाटेने, दोर-शिडीवाचून जो वर येईल, त्याला मोहरांची थैली आणि सोन्याचे कडे. एक जण आला. महाराजांनी त्याला बक्षीस दिले आणि त्याची वाट बंद करवली. "हेच तुमचे एथिकल हॅकिंग ना? वाट शोधणारा हुशार होताच. पण आधी दवंडी होती, आणि वाट सापडल्यावर त्याने ती धन्याला दाखवली. तुझ्यापाशी दवंडीही नाही आणि दाखवणेही नाही."

संध्याकाळी आम्ही दोघे फराळाचे ताट घेऊन नानांकडे गेलो. मुलाने मान खाली घालून सगळे सांगितले. नाना रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "म्हणजे माझे काही वाचलेस की काय रे?"

"नाही, नाना. शपथ."

"बरं," नाना म्हणाले. पण त्या 'बरं'च्या आधी जो क्षणभर थांबा झाला, तो मुलाने ऐकला. पासवर्ड दोन मिनिटांत बदलता येतो. तो थांबा पुसायला दुसरी 'टेल्स' नाही.

त्याच रात्री त्याने नानांना चांगला लांबलचक पासवर्ड करून दिला. तो टाइप करताना मुद्दाम पाठ फिरवून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी नानांनी एक कागद धाडला: 'माझ्या घरचे जाळे तपासण्यास परवानगी आहे. जे सापडेल ते प्रथम मला सांगावे.' खाली सही आणि तारीख. चिरंजीवांनी तो पेटीच्या झाकणाला, म्हणजे लॅपटॉपला, आतून चिकटवला आहे.

काल अंगणातल्या पोरांनी त्याला किल्ला पाहायला बोलावले. बुरुजापाशी एक फट त्याने लांबूनच हेरली, तसा त्याचा हात पुढे झाला. पण तो थांबला आणि सात वर्षांच्या किल्लेदाराला विचारू लागला, "हात लावू का रे?"